कुसळं वेचणारे आप्पा

आमच्या शेजारचे आप्पा रोज सकाळी अंघोळ झाली की पितळी तांब्या भरून परसात जातात, तुळशीला वळसा घालतात आणि सगळं पाणी कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात ओततात. सोमवारी वर मूठभर खडेमीठही टाकतात. मग दोन मिनिटं खड्ड्याकडे बघत उभे राहतात. मी लग्न होऊन भोरला आले तेव्हा मला वाटलं, ह्यांच्या घराण्याचं एखादं दैवत तिथे असणार. माझी आई मला भेटायला आली होती, तिने तर जाता जाता त्या खड्ड्याला हातसुद्धा जोडले. शेवटी न राहवून मी विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "वैनी, अर्थिंग हाय त्ये. सुकलं की भुंगा येतो."

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

आप्पा म्हणजे वसंतराव कोंढाळकर. वय सत्तरीला टेकलेलं, अंग काटकुळं, कानांच्या पाळ्या मात्र चांगल्या ऐसपैस. लग्न केलं नाही. तरुणपणी लाऊडस्पीकरचा धंदा. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, एक बॅटरी आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर टाकून भोर आणि वेल्ह्यातली एकूणएक गावं त्यांनी पालथी घातली. भोंगवलीपासून पासलीपर्यंत कुणाचंही लग्न असो, मंडपाच्या खांबाला आप्पांचा कर्णा बांधलेला असायचाच. पुढे कॅसेटी आल्या, मग डीजे आला आणि आप्पांना कुणी बोलवेना. तेव्हा त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि लोकांच्या जुन्या रेकॉर्डी त्यात उतरवून, साफ करून द्यायला सुरुवात केली. आता पुण्या-साताऱ्याहून माणसं रेकॉर्डी छातीशी धरून आमच्या आळीत येतात आणि पहिल्यांदा माझ्याकडे पत्ता विचारतात.

माझ्याकडे, कारण आळीच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी आहे. आणि गिरणीची भिंत आणि आप्पांच्या खोलीची भिंत एकच आहे. आमच्या सगळ्या भांडणांचं मूळ ही भिंत.

माझी मोटर दहा हॉर्सपॉवरची. ती सुरू झाली की आमच्या मांडणीतली भांडी खुळखुळतात, तिथे रेकॉर्डवरच्या सुईचं काय होत असेल ते मी समजू शकते. पण आळीतल्या बायका डबे घेऊन उन्हात उभ्या असताना हा माणूस दारात येऊन म्हणणार, "वैनी, तीन मिन्टं. निस्ती तीन मिन्टं बंद करा." तीन मिनिटं म्हणजे त्यांची एक बाजू. ती संपली की दुसऱ्या बाजूची तीन. मग पहिल्या बाजूला कुणीतरी शिंकलं म्हणून ती पुन्हा. एकदा ज्वारी अर्धी दळून झालेली असताना त्यांनी येऊन सरळ माझं बटणच बंद केलं. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठ दिवस मी त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि ते म्हणे त्या आठ दिवसांत काही उतरवूच शकले नाहीत, कारण मी मुद्दाम रिकामी गिरणीसुद्धा चालवत होते.

त्यांनी आपल्या परीने उपाय केले होते. टेबलाचे चारही पाय सायकलच्या ट्यूबांवर उभे, ट्यूबांखाली वाळूचे डबे, टेबलावर शहाबादी फरशी आणि फरशीवर ते रेकॉर्डचं यंत्र. खोलीत चप्पल घालून जायचं नाही. पंखा नाही. फ्रीज त्यांनी विकून टाकला. भिंतीवरचं घड्याळ ठेवलं, पण त्याचा सेल काढून. कुणी वेळ विचारली की खिशातला मोबाईल बघून सांगणार.

आवाजातली घाण तीन जातींची, असं आप्पांचं शास्त्र सांगतं. विजेच्या तारेतून येते ती गुणगुण म्हणजे भुंगा. सुई घासल्याची एकसारखी खरखर म्हणजे रेती. आणि मधूनच टक्, टिक्, चट् असे जे टोचतात ती कुसळं. पावसाळा सरल्यावर तोरण्याच्या अंगाला गवतातून चालून या, लुगड्याला कुसळं लागतात. ती झटकून जात नाहीत, बसून एकेक उपटावी लागतात. आप्पा तेच करतात. कॉम्प्युटरवर गाणं मोठं मोठं करत नेतात, मग त्यात एक बारीक उभी रेघ दिसते, ते कुसळ. ते माऊसच्या टोकाने उपटायचं आणि पुढचं शोधायचं. तीन मिनिटांच्या गाण्याला आठ-आठ दिवस लागतात.

मी एकदा म्हटलं, "आप्पा, ह्याला एक बटण असतं म्हणे. दाबलं की सगळं आपोआप साफ."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गव्हात खडे घालून दळते.

"बटनाला हलगी आन् कुसळ सारकंच दिसतं, वैनी. दोन्ही टोचतात. बटन कुसळाबरूबर हलगी बी खातं. मग गाणारा तोंडात घोंगडी कोंबल्यावानी गातो. ज्याचं कुसळ त्यानं हातानं काढावं."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

आणखी एक खोड होती. जुन्या रेकॉर्डींचा ढीग दिसला की हा माणूस थांबलाच. भंगारवाल्याची हातगाडी असो, पुण्यातला जुना बाजार असो, की कुणाच्या घरची माळ्यावरची अडगळ. एकेक रेकॉर्ड बाहेर काढणार, मधला गोल कागद वाचणार आणि पुटपुटणार, "ती न्हाई." पुढची. "ती न्हाई." एकदा मी त्यांच्याबरोबर पुण्याला डॉक्टरकडे गेले होते, परतीची एसटी सुटायला आली तरी हे फुटपाथवर बसून "ती न्हाई, ती न्हाई" करत होते. आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत, त्यांच्याच गाडीने जायचं होतं, म्हणून गाडी दोन मिनिटं थांबली. मी रागाने विचारलं, "ती म्हणजे कोण ती?" तर म्हणाले, "हाय एक." मी मनात म्हटलं, हं, म्हणजे लग्न का केलं नाही ते कळलं!

आप्पांचा लाडका वार गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. सकाळी गेली की दुपारपर्यंत नाही. माझी गिरणी बंद, मिक्सर बंद, पाण्याच्या मोटरी बंद, टीव्ही बंद. सगळं गाव वारा घेत आणि बोटं मोडत बसतं आणि आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बॅटरीवर यंत्र आणि कॉम्प्युटर लावतात. तारेत वीजच नाही, तर भुंगा कुठून येणार? ज्या रेकॉर्डी खरोखर नाजूक असतात त्या गुरुवारसाठी राखून ठेवलेल्या असतात.

गेल्या वर्षी भातकापणी उरकल्यावर एका सकाळी एक बाई गिरणीपाशी आल्या. नऊवारी लुगडं, पायांना भेगा, हातात उशीचा अभ्रा. मी विचारलं, "काय दळायचंय?" त्यांनी कानाला हात लावला. मी ओरडून विचारलं. त्या म्हणाल्या, "दळाण न्हाई. रेकॉर्डवालं आप्पा कुठं ऱ्हात्यात?"

मी गिरणी बंद करून त्यांना घेऊन गेले. चपला बाहेर काढायला लावल्या. हौसाबाई त्यांचं नाव. पासलीहून एसटीने आल्या होत्या, एकट्याच. खाली बसल्या आणि अभ्र्यातून एक लहान रेकॉर्ड काढली.

आप्पांनी ती दोन्ही कडांना धरली, उजेडात नेली आणि मधला कागद वाचला. मी वाट बघत होते त्यांच्या "ती न्हाई"ची. पण ते रेकॉर्ड धरून उभेच राहिले. मग हळूच खाली बसले, तेसुद्धा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर नाही, जमिनीवर. मला वाटलं, रेकॉर्ड अगदीच कामातून गेलेली दिसतेय.

हौसाबाई बोलायला लागल्या. ऐकायला कमी येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने. त्यांचे मालक सखाराम, गावात गाणी म्हणायचे. भात लावताना, जत्रेत, कुठेही. पुण्याच्या कुठल्याशा लहान कंपनीने त्यांना नेऊन एक रेकॉर्ड काढली. आलेल्या पैशातून सखारामदादांनी सेलवर चालणारा प्लेअर घेतला. आणि त्या भातलावणीच्या गाण्यात त्या माणसाने एक ओळ घातली होती, 'तोरण्याच्या पायथ्याला हौसा माझी लावी भात'.

"माझं नाव!" हौसाबाई म्हणाल्या. "बाईनं नवऱ्याचं नाव घ्याचं न्हाई, नवऱ्यानं बाईचं न्हाई, आन् ह्यांनी कर्ण्यावर घ्येतलं. पाणवठ्यावर बाया चिडवायच्या. सासू बोलायची. म्या तेंच्याशी भांडलो. म्हणलं, मोडून टाकीन तुमची ती रेकॉर्ड."

त्याच सुमाराला गावात एक लग्न झालं. तिथे ती रेकॉर्ड वाजली, चांगली वाजली म्हणे. सखारामदादा ती घरी घेऊन आले. आठ दिवसांनी प्लेअरवर लावली, तर बरोबर त्या ओळीवर सुईने उडी मारली. तोरण्याच्या पायथ्याला, खट्, आणि पुढची ओळ. नाव गायब.

"तेंला वाटलं म्याच खिळ्यानं वरखाडली. राग धरून. चार म्हैने बोललं न्हाईत माझ्याशी. एका ताटलीत वाढायचं, समोर ठेवायचं, उचलायचं. पुढं बोलाया लागलं, पर मनात ऱ्हायलंच तेंच्या. मरस्तवर एकदा बी तेंनी माझं नाव घ्येतलं न्हाई."

मी आप्पांकडे पाहिलं. ते रेकॉर्डवर बोटही न टेकवता, नुसत्या नजरेने त्या ओरखड्यावरून फिरत होते.

"एक कान ग्येला," हौसाबाई म्हणाल्या. "दुसरा बी चाललाय, डाक्टर म्हणला. त्याच्या आदी तेवढी माझ्या नावाची वळ ऐकायचीय. व्हईल का?"

आप्पांनी रेकॉर्ड परत अभ्र्यात सरकवली. मग म्हणाले, "पुढल्या बेस्तरवारी, लाईट ग्येली की लावतो. त्या फुडल्या पंधरवड्यानं या."

ते पंधरा-वीस दिवस मी विसरणार नाही. आप्पा खड्ड्याला दोनदा पाणी घालायला लागले. माझ्याशी भांडेनात. गिरणी चालू असली तरी दारात यायचे, उभे राहायचे आणि न बोलता परत जायचे. मला ते भांडणापेक्षा वाईट वाटत होतं. आमचे हे म्हणाले, "आप्पा आजारी आहेत का बघ." मी ताक घेऊन गेले. आप्पांनी ताक बाजूला ठेवलं आणि मला भिंगातून तो ओरखडा दाखवला. लहान रेकॉर्डवर एवढासा, भाताच्या लोंबीतल्या कुसळाएवढाच.

"सुई तितनं अजून दोन-तीनदा उडाली, तर वळ जाईल, वैनी. परत कुटंच मिळायची न्हाई. म्या हुडकलीय."

कधी हुडकली, कशासाठी हुडकली, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

बुधवारी त्यांनी रेकॉर्डला सुताराचा पांढरा गोंद लावला. मी किंचाळलेच. पण ती त्यांची रीत आहे. गोंद वाळला की त्याचं साल होतं, ते अख्खं सोलून काढायचं, म्हणजे खोबणीतली धूळ त्याच्याबरोबर येते. मधेच फाटलं तर तुकडे आत अडकून बसतात. गुरुवारी सकाळी आप्पांनी कडेला नख घातलं आणि सोलायला सुरुवात केली. ओरखड्यापाशी साल ताणलं, पांढरं पडलं. आप्पा थांबले. बोटाला तोंडाची वाफ दिली, पुन्हा धरलं आणि ते आलं. सगळं एका तुकड्यात. मी ते साल बघायला घेतलं, तर त्यावर गाण्याच्या सगळ्या बारीक रेघा उमटलेल्या होत्या आणि एक आडवी.

दहाला लाईट गेली. आप्पा म्हणाले, "वैनी, आळीत कुणाला येऊ देऊ नका."

मी आळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. माझ्या तोंडाची ख्याती असल्यामुळे फार कष्ट पडले नाहीत. दोघांनी आपापल्या मोटारसायकली बंद करून ढकलत नेल्या. एक भाजीवाली मुकी होऊन गेली. खिडकीतून मला आप्पा दिसत होते. त्यांनी सुईच्या डोक्यावर जुनी चार आण्याची नाणी चिकटवली, म्हणजे सुई दबून बसते. गाणं सुरू झालं. हलगी, चार माणसांचा कोरस आणि मग सखारामदादांचा मोकळा आवाज. 'तोरण्याच्या पायथ्याला', खट्.

सुई उडाली.

आप्पांनी ती पटकन उचलली. मग त्यांनी यंत्राचा पट्टा काढून टाकला आणि रेकॉर्डच्या कडेवर एक बोट ठेवलं. मला आधी कळेना. मग कळलं, ते रेकॉर्ड हाताने फिरवणार होते. मुंगीच्या चालीने गेली तर सुई उडी मारणार नाही, खड्ड्यात उतरून वर चढेल. मागाहून कॉम्प्युटरवर वेग वाढवता येतो.

बोट फिरायला लागलं आणि नेमकं तेव्हाच कोपऱ्यावरून घंटागाडी वळली. वर कर्णा, त्यातून कचरा द्या कचरा द्या असं गाणं, आवाज सातव्या आसमानात. मी पळत सुटले. चप्पल एकीकडे, पदर एकीकडे. गाडीच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं मावशी? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही!" मी म्हटलं. "तू गाणं बंद नाही केलंस तर जाईल!"

त्याने बंद केलं. इंजिनही बंद केलं. सगळी आळी गप्प झाली आणि त्या शांततेत खिडकीतून एक आवाज आला. रेड्याने जांभई द्यावी तसा, खोल, ओढलेला. हौऽऽऽ. मग बराच वेळ खरखर. मग साऽऽऽ. ड्रायव्हरने घाबरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, "कचरा घे आणि जा."

पुढचे दहा-बारा दिवस आप्पा कुसळं उपटत बसले. जेवायचीसुद्धा आठवण मी करून द्यायची. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि ती ओळ ऐकवली. सखारामदादा त्या खोलीत उभे राहून गातायत असं वाटलं. 'हौसा माझी लावी भात'. हलगीचा एकेक टोला जागच्या जागी. मी टाळ्या वाजवल्या. आप्पांच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे दळण नव्हतं. मी गिरणी बंद करून भाजी निवडत बसले होते. आप्पा दारात आले. मी सवयीने म्हटलं, "बंदच आहे."

"चालू करा," आप्पा म्हणाले.

"काय?"

"गिरणी चालू करा, वैनी. धा मिन्टं. मोठ्यानं चालू द्या."

पंचवीस वर्षांत या माणसाने मला कधी गिरणी चालू करा म्हटलं नव्हतं. मी दारात जाऊन पाहिलं, उन्हं नीट पडली होती. म्हणजे जगबुडी नव्हती. मी बटण दाबलं. आप्पा खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी बाहेर आले, मला हात केला, बंद करा असा, आणि तांब्या घेऊन परसात गेले.

ठरल्या दिवशी हौसाबाई आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, केसाला तेल. आप्पांनी मला बोलावून घेतलं. हौसाबाईंना चांगल्या कानाच्या बाजूने स्पीकरजवळ बसवलं आणि मला म्हणाले, "हे बटन दाबा, वैनी. संपलं तरी बंद करू नका. फुडं बी हाय थोडं. म्या पाणी घालून येतो."

"सकाळी घातलंत की," मी म्हटलं. ते थांबले नाहीत.

मी बटण दाबलं. हौसाबाई स्पीकरवर कान ठेवूनच बसल्या. त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी पटकन पदर डोक्यावर ओढून घेतला, समोर सासू उभी असल्यासारखा. हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि गालांवर अशी काही लाली चढली की सत्तरीच्या बाईला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. गाणं संपलं.

मग थोडा वेळ काहीच नाही आणि एकदम स्पीकरमधून घरघर सुरू झाली. मी ती झोपेतही ओळखेन. माझी गिरणी. आणि त्या घरघरीच्या आडून आप्पांचा आवाज, अडखळत.

"हौसाबाई, म्या वसंता स्पीकरवाला. तुमच्या गावच्या लग्नात तुमची रेकॉर्ड म्या लावली व्हती. लोकं त्या वळीला परत लावा परत लावा म्हणायची. म्या सुई उचलून बराबर त्याच वळीवर ठेवायचो. लई हुशारी वाटायची. सात येळा ठेवली. सातव्या टायमाला हात सरकला. सखारामदादांनी इचारलं, नीट हाय न्हवं? म्या व्हय म्हणालो. धंदा जाईल म्हणून भ्यालो. तसली दुसरी हुडकून गुपचूप देऊ म्हणलं. चाळीस वरसं हुडकली, गावली न्हाई. तुमचा अबोला झाला त्ये मला म्हाईत नव्हतं. त्ये परवा तुमी बोलला तवा कळलं. समोर बसून सांगाया पायजे, पर जीभ उचलत न्हाई. कुणी ऐकू ने म्हणून गिरणी लावलीया. कुसळ माझं व्हतं."

मी बटणावर हात ठेवून तशीच उभी होते. इतकी वर्षं मी ह्या माणसाला विक्षिप्त म्हटलं, आळीभर त्याच्या नकला केल्या, आणि तो प्रत्येक भंगाराच्या ढिगात काय शोधत होता ते मला आज कळत होतं. मला माझीच लाज वाटली.

हौसाबाईंचा चेहरा कठीण झाला होता. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, "आता हे तेंला कुणी सांगायचं?"

त्या उठल्या. मी मागोमाग गेले. परसात आप्पा खड्ड्यापाशी पाठमोरे उभे होते. तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, तरी तिरपा धरलेला होता. पाणी खड्ड्यातून ओसंडून त्यांच्या पायांखाली आलं होतं. मला वाटलं, आता ही बाई त्यांना शिव्या घालणार, आणि घातल्या असत्या तर मी मधे पडले नसते.

"सात येळा लावली?" हौसाबाईंनी विचारलं.

आप्पांनी मान हलवली.

"मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई."

"सात येळा," आप्पा म्हणाले.

"आमी बाया पाठीमागं सैपाकात व्हतो. मला लाजंनं मेल्यावानी झालं व्हतं." त्यांनी चांगला कान पुढे केला. "हे कुठं व्हते तवा?"

"मंडपाच्या खांबाला टेकून. माझ्या म्होरंच."

"रागानं?"

"न्हाई वो. हसत व्हते. नाव आलं की दर टायमाला टोपी काढायचे आन् परत घालायचे. परत लावा म्हणून पैला तेच वरडले. नंतर लोकं."

हौसाबाई खाली बघत उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. सात टोप्या मोजत असाव्यात.

"मग लावा परत," त्या म्हणाल्या.

आम्ही आत आलो. या वेळी आप्पा स्वतः बसले. त्यांनी पहिल्यापासून लावलं नाही. पूर्वी सुई ठेवायचे तसं नेमकं त्या ओळीवर आणलं. तोच आवाज, तोच डोंगर, तेच नाव. संपताच हौसाबाईंनी बोटाने खूण केली, पुन्हा.

तेवढ्यात भिंतीपलीकडे मोटर गुरगुरली. आमचे हे सुटीवर होते आणि कुणाचं तरी दळण आलं होतं. खिडकीचं तावदान वाजायला लागलं, खोलीभर घरघर भरली. मी सवयीने दाराकडे धावले. हौसाबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा चांगला कान स्पीकरला टेकलेला होता आणि डोळे मिटलेले होते.

"ऱ्हाऊ द्या, बाई," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येतंय."